शेव्हरोले दोनदा आली

१८ मे २०१७ रोजी जनरल मोटर्सने जाहीर केले की, वर्षअखेरीस भारतातली शेव्हरोले गाड्यांची विक्री बंद होईल. कंपनीचा तळेगावचा कारखाना चालू राहणार होता, पण तिथे तयार होणारी गाडी यापुढे फक्त परदेशी जाणार होती. मोठ्या शहरांतल्या वर्तमानपत्रांनी ही बातमी अर्थविषयक पानावर छापली. श्रीगोंदा, काष्टी, दौंड, शिरूर या पट्ट्यात मात्र ती घरगुती काळजीची बातमी होऊन पोचली. ज्यांच्या अंगणात स्पार्क किंवा बीट उभी होती, त्यांना दुसऱ्या दिवसापासून एकच प्रश्न ऐकावा लागला: आता पार्ट कुठून आणणार? गाडी विकायला काढली तर दलाल नाव ऐकूनच भाव पाडू लागले. ‘शेव्हरोले आहे ना, रिसेल नाही तिला’ हे वाक्य जुन्या गाड्यांच्या बाजारात ठरून गेले.

स्पार्क आणि बीट या दोन्ही छोट्या गाड्या रस्त्यावर बऱ्या चालत होत्या. इंजिन दणकट, किंमत आवाक्यात, गावातल्या गल्लीबोळांत वळायला सोप्या. तरीही त्यांच्या नावाला बट्टा लागला. त्याचे मूळ शोधायचे तर तळेगावच्या किती तरी आधी, मुंबईच्या शिवडीत आणि अमेरिकेतल्या ओहायो राज्यात जावे लागते. जनरल मोटर्स ही जगातली एक बलाढ्य मोटार कंपनी. पण छोट्या गाडीशी तिचे कधी मनापासून जमलेच नाही, आणि त्याची किंमत वेळोवेळी गाडी घेणाऱ्यांनी मोजली.

शेव्हरोले महाराष्ट्रात पहिल्यांदा आली ती १९२८ साली. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला. परदेशी कंपनीने भारतात काढलेला मोटारजुळणीचा हा पहिला मोठा कारखाना मानला जातो. सुट्या भागांच्या पेट्या बोटीने यायच्या आणि इथले कामगार त्यांतून गाडी उभी करायचे. त्या काळी अमेरिकन गाडीला भारतात मान होता, आणि त्यामागे साधे कारण होते. इंग्लंडमध्ये इंजिनाच्या सिलिंडरच्या व्यासावरून कर बसत असल्यामुळे तिथल्या गाड्यांची इंजिने लहान असत. डांबर नसलेल्या, खाचखळग्यांच्या रस्त्यांवर त्या धापा टाकत. अमेरिकेत शेतकऱ्यासाठी बनलेली गाडी उंच असे, ताकदवान असे आणि प्रचंड संख्येने बनत असल्यामुळे स्वस्तही पडे. संस्थानिकांच्या गॅरेजमध्ये याच कंपनीच्या मोठ्या ब्युइक उभ्या राहिल्या, तर डॉक्टर, वकील आणि व्यापारी शेव्हरोले घेऊ लागले. तिच्याच चासीवर लाकडी बॉडी चढवून गावोगावी सर्व्हिस मोटारी धावू लागल्या.

नगर जिल्ह्याचा तर या कंपनीशी आणखी एक संबंध आहे. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुण्याहून नगरला सुटली. ती बेडफर्डची होती, आणि बेडफर्ड ही जनरल मोटर्सच्याच इंग्लंडमधल्या शाखेची निर्मिती. सुरुवातीच्या एसटीत ज्या दहा बनावटीच्या गाड्या होत्या, त्यांत शेव्हरोलेही होती. पुणे-नगर रस्ता श्रीगोंदा तालुक्याच्या कडेने, बेलवंडी फाट्यावरून जातो. फाट्यावर एसटीला हात करणाऱ्या कितीतरी शेतकऱ्यांचा मोटारीशी पहिला परिचय असा झाला.

स्वातंत्र्यानंतर धोरण बदलले. परदेशातून पेट्या आणून इथे नुसते नटबोल्ट आवळायचे, हे नव्या सरकारला मान्य नव्हते. गाडी इथेच बनली पाहिजे, तिचे भाग इथल्या कारखान्यांत तयार झाले पाहिजेत, असा आग्रह होता. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने शिफारस केली आणि सरकारने ती स्वीकारली: ज्यांच्याकडे उत्पादनाचा ठोस कार्यक्रम नाही, त्या कंपन्यांनी काम आवरावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड, दोघांनीही हिशेब केला. भारताचा बाजार तेव्हा फार लहान होता. त्यासाठी पूर्ण कारखाना उभारणे त्यांना परवडणारे वाटले नाही आणि दोघांनीही काढता पाय घेतला. १९५४ मध्ये शिवडीचे काम थांबले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जोडायला सुरुवात केली होती. ती कंपनी टिकली आणि पुढे फियाटकडे वळली. शेव्हरोले मात्र गेली. ज्यांच्याकडे ती होती, त्यांनी ती मिस्त्रींच्या भरवशावर पुढे अनेक वर्षे चालवली. मालकाला वाऱ्यावर सोडून कंपनी निघून जाण्याचा हा इथला एक जुना प्रसंग.

इकडे शेव्हरोले नव्हती त्या जवळपास पन्नास वर्षांत आणि त्याआधीही अमेरिकेत तिचे काय झाले, हे समजल्याशिवाय तळेगावची गोष्ट कळणार नाही.

जनरल मोटर्सच्या छोट्या आणि हलक्या गाड्यांचे दुर्दैव जुने आहे. १९२३ साली शेव्हरोलेने हवेने थंड होणारे, तांब्याच्या पाकळ्यांचे इंजिन असलेली गाडी काढली. पाण्याची टाकी नाही, रेडिएटर नाही, वजन कमी. कल्पना मोठी होती, पण इंजिन तापायचे आणि ताकद गमवायचे. एकूण ७५९ गाड्या बनल्या, त्यांतल्या जेमतेम १०० ग्राहकांपर्यंत गेल्या, आणि कंपनीने त्या परत मागवून बहुतेक सगळ्या नष्ट केल्या. आल्फ्रेड स्लोन त्याच वर्षी कंपनीचे अध्यक्ष झाले. धाडसी तंत्रापेक्षा दरवर्षी थोडी नवी दिसणारी आणि थोडी मोठी गाडी विकावी, हे त्यांचे सूत्र पुढे कंपनीचा स्वभावच बनले. मोठ्या गाडीत नफा जास्त. छोटी गाडी करावी लागते म्हणून करायची, ही वृत्ती तिथूनच रुजली.

पन्नाशीच्या दशकात जर्मनीची फोक्सवॅगन बीटल अमेरिकेत खपू लागली तेव्हा कंपनीला उत्तर देणे भाग पडले. १९६० सालच्या मॉडेलची कॉर्व्हेअर हे ते उत्तर. इंजिन मागे, थंड करायला पुन्हा हवाच. १९६५ मध्ये राल्फ नेडर या तरुण वकिलाने मोटारींच्या सुरक्षिततेवर पुस्तक लिहिले आणि त्याचे पहिलेच प्रकरण कॉर्व्हेअरवर होते: वळणावर तिची मागची चाके आत दुमडून गाडीचा तोल जाऊ शकतो, असा आरोप. कंपनीने उत्तर देण्याऐवजी नेडरच्या खासगी आयुष्यावर गुप्तहेर लावले. ते उघड झाल्यावर १९६६ च्या मार्चमध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीसमोर माफी मागावी लागली, आणि त्याच वर्षी अमेरिकेत वाहन सुरक्षेचा पहिला व्यापक कायदा झाला. पुढे १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांत निष्कर्ष निघाला की, कॉर्व्हेअर तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा काही जास्त धोकादायक नव्हती. तोपर्यंत तिचे उत्पादन बंद होऊन तीन वर्षे झाली होती. मालकांना त्या निष्कर्षाचा काय उपयोग? गाडीचे नाव एकदा गेले की चाचणीच्या अहवालाने ते परत येत नाही.

त्याहून बोलके उदाहरण ‘वेगा’ या गाडीचे. सप्टेंबर १९७० मध्ये आलेली वेगा ही शेव्हरोलेची खास नव्याने आखलेली छोटी गाडी. मोटर ट्रेंड मासिकाने तिला १९७१ ची सर्वोत्तम गाडी ठरवले. रेल्वेने नेताना खर्च वाचावा म्हणून खास डबे बनवले होते. त्यात गाड्या नाक खाली करून उभ्या टांगत आणि एका डब्यात ३० मावत. इंजिनाचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, त्यात सिलिकॉन भरपूर मिसळलेले, त्यामुळे सिलिंडरला वेगळा लोखंडी लायनर लागणार नाही असा हिशेब. वरचे हेड मात्र लोखंडी. दोन धातू तापल्यावर वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात. थंड ठेवणारे पाणी मुळात कमी. ते थोडे जरी घटले तरी इंजिन तापायचे, ब्लॉकला बाक यायचा, गॅस्केट सुटायचे, सिलिंडरची भिंत खरवडली जायची आणि गाडी तेल पिऊ लागायची. पुढच्या मडगार्डच्या आतल्या पोकळीत रंगाआधीचा प्रायमर नीट पोचत नव्हता. थंडीत रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत दोन-तीन हिवाळ्यांत तिथे गंजाची भोके पडली. १९७२ मध्ये कंपनीला लाखो वेगा परत बोलवाव्या लागल्या.

ही गाडी ओहायोतल्या लॉर्डस्टाउनला बनत होती. कारखाना नवा, कामगार तरुण, आणि कंपनीने वेग ठरवला ताशी १०० गाड्यांचा. एका गाडीमागे एका माणसाला ३६ सेकंद. १९७२ च्या मार्चमध्ये कामगारांनी संप केला, तो तीन आठवडे चालला. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी या संपावर पुढे बरेच लिहिले, कारण पगार हा त्यातला मुख्य मुद्दा नव्हता. कामाची गती हा होता. १९७७ पर्यंत सुमारे २० लाख वेगा विकल्या गेल्या. शेवटच्या वर्षांतले इंजिन सुधारलेले होते आणि त्याला पाच वर्षांची हमीही होती. पण पहिल्या दोन वर्षांत गाडी घेतलेल्यांनी शेजाऱ्यांना जे सांगितले, ते कायमचे झाले. त्यानंतर अमेरिकन मध्यमवर्ग छोटी गाडी घ्यायची तर टोयोटा आणि होंडाकडे वळला.

कंपनीने यातून एक सोपी वाट काढली. छोटी गाडी आपण बनवायची नाही, दुसऱ्याकडून घ्यायची. १९८१ मध्ये जनरल मोटर्सने जपानच्या सुझुकीत हिस्सा घेतला आणि पुढे सुझुकीची कल्टस अमेरिकेत शेव्हरोलेच्या नावाने विकली. याच कल्टसच्या पुढच्या पिढीवरून १९९० मध्ये भारतात मारुती १००० झाली. म्हणजे छोट्या गाडीचा खरा जाणकार अनेक वर्षे जनरल मोटर्सचा भागीदार होता, आणि भारतात तोच तिचा सर्वांत मोठा स्पर्धक ठरणार होता.

दुसरा जाणकार कोरियात मिळाला. देवू कंपनीची मॅटिझ भारतात १९९८ मध्ये आली होती, दिल्लीजवळच्या कारखान्यात बनत होती. गोल डोळ्यांची ही गाडी अनेकांना आवडली. पण मूळ देवूचे दिवाळे निघाले आणि भारतातल्या मॅटिझ मालकांचा वाली गेला. २००२ मध्ये जनरल मोटर्सने देवूचा मोटारव्यवसाय घेतला. दिल्लीजवळचा कारखाना मात्र त्या सौद्यात नव्हता. पाच वर्षांनी, २००७ मध्ये, मॅटिझची पुढची पिढी नवे इंजिन आणि पुढे शेव्हरोलेचे सोनेरी चिन्ह घेऊन स्पार्क या नावाने भारतात परतली. जुन्या मॅटिझच्या मालकांना काही भाग मिळू लागले, हा त्यातला फायदा. पण एकदा पोरकी झालेली गाडी पुन्हा आली आहे, हे ज्यांना आठवत होते ते सावधच राहिले, आणि पुढे त्यांचे म्हणणे खरे ठरले.

दरम्यान कंपनी स्वतः भारतात परतली होती ती १९९० च्या दशकात, हिंदुस्थान मोटर्सशी भागीदारी करून, गुजरातेत हालोलला. सुरुवात ओपेल ॲस्ट्राने झाली. ती महागडी सेदान थोड्यांनीच घेतली. शेव्हरोले हे नाव आले २००३ मध्ये, आणि पुढच्या वर्षी टवेरा. नगर जिल्ह्यात शेव्हरोलेला खरी ओळख मिळाली ती टवेराने. लग्नाचे वऱ्हाड, शिर्डीचे दर्शन, आजारी माणसाला पुण्याला न्यायचे, तालुक्याला वडापच्या फेऱ्या मारायच्या, सगळीकडे टवेरा. काळ्या-पिवळ्या रंगात दहा-बारा माणसे कोंबून ती धावत राहिली. छोट्या स्पार्कला गावात जो विश्वास सुरुवातीला मिळाला, तो मोठ्या टवेराच्या पुण्याईवर.

महाराष्ट्र सरकारशी करार होऊन सप्टेंबर २००८ मध्ये तळेगावचा कारखाना सुरू झाला. शिवडीनंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळाने शेव्हरोले पुन्हा मराठी माणसाच्या हातून बनू लागली. जानेवारी २०१० मध्ये बीट आली. तिचे रूपच वेगळे होते. मागच्या दाराची मूठ खिडकीच्या काळ्या चौकटीत लपवलेली, त्यामुळे लांबून ती दोन दारांची वाटे. मोटारसायकलवर असतो तसा स्पीडोमीटर स्टिअरिंगच्या मागे उभा. पुढच्या वर्षी तिला डिझेल इंजिन मिळाले, ९३६ सीसीचे, तीन सिलिंडरचे. त्या वेळी भारतातल्या मोटारींत एवढे लहान डिझेल इंजिन दुसरे नव्हते. डिझेल आणि पेट्रोलच्या दरातले अंतर तेव्हा मोठे होते. रोज दौंड किंवा नगरला ये-जा करणाऱ्या शिक्षकाला, दूध डेअरीच्या सचिवाला, उसाचे पेमेंट हातात आलेल्या बागायतदाराला ही गाडी परवडणारी होती. २०१० आणि २०११ या दोन्ही वर्षी कंपनीने देशात एक लाखाहून जास्त गाड्या विकल्या.

आणि इथेच गाडे अडकले.

२०१३ च्या जुलैमध्ये कंपनीने १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. धुराच्या चाचणीत गाडी पास व्हावी म्हणून कंपनीतल्याच काही लोकांनी फेरफार केल्याचे तिने स्वतः सरकारला कळवले आणि बऱ्याच जणांना कामावरून काढले. कबुली दिली हे बरेच झाले. पण ज्या गाडीच्या पुण्याईवर स्पार्क आणि बीट विकल्या जात होत्या, तिलाच डाग लागला. चीनच्या सैक कंपनीशी भागीदारी करून आणलेल्या सेल आणि एन्जॉय या गाड्यांनी ग्राहकांना ओढले नाही; २०१७ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत एन्जॉयला शून्य तारे मिळाले. मारुतीचे सर्व्हिस सेंटर तालुक्याच्या गावी पोचले होते, ह्युंदाईचे पोचत होते. शेव्हरोलेसाठी नगर किंवा पुणे गाठावे लागे. मॉडेल कोरियातून आलेले, पुढचे चीनमधून, निर्णय डेट्रॉइटमध्ये. भारतीय ग्राहकाला काय हवे यावर ठाम राहणारे कोणी त्या साखळीत नव्हते. २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. वर्षभरात ती गुंतवणूक स्थगित झाली. २०१६-१७ मध्ये देशातली विक्री २६ हजारांच्या आत आली, एकूण बाजाराच्या एक टक्क्याहून कमी. मग मे महिन्यातली ती घोषणा झाली.

यापुढचा इतिहास कंपनीच्या कागदांत कमी आणि गॅरेजमध्ये जास्त सापडतो. कंपनीने वॉरंटी पाळण्याचे आणि सुटे भाग पुरवण्याचे आश्वासन दिले, आणि सर्व्हिस सेंटरांचे एक जाळे चालू ठेवले. तरी ते गावापासून लांब. तालुक्याच्या मिस्त्रीने हळूहळू आपली वाट शोधली. फिल्टर, ब्रेक पॅड, बेअरिंग असा रोजचा माल इतर कंपन्या बनवतात, तो मिळतो. क्लच प्लेट किंवा सस्पेन्शनचा भाग पुण्याच्या नाना पेठेत नाहीतर दिल्लीच्या काश्मिरी गेटच्या बाजारातून कुरिअरने येतो. खरी अडचण पत्र्याची. बंपर फुटला, हेडलाइट गेला, दार चेपले, तर नवे मिळेपर्यंत थांबायचे किंवा भंगारात निघालेल्या दुसऱ्या बीटचे काढून बसवायचे. रंग जुळला नाही तरी चालवून घ्यायचे.

यात एक उलटी गोष्टही घडली. भाव पडल्यामुळे ही गाडी अशा लोकांच्या हाती गेली, ज्यांना एरवी चारचाकी परवडली नसती. मोटारसायकलवर चौघांना घेऊन जाणाऱ्या कुटुंबाला कमी पैशांत छप्पर असलेली गाडी मिळाली. पहिल्या मालकाचे नुकसान झाले ते खरेच, आणि ते कमी लेखण्यासारखे नाही. कर्जाचे हप्ते चालू असताना गाडीची किंमत निम्म्यावर येणे हा मोठा फटका आहे. पण दुसऱ्या मालकाच्या दृष्टीने पाहिले तर बदनामीनेच गाडी त्याच्या दारात आणली.

तळेगावच्या कामगारांना असा कोणताही फायदा झाला नाही. निर्यातीची शेवटची गाडी डिसेंबर २०२० मध्ये बाहेर पडली. चीनच्या ग्रेट वॉल कंपनीला कारखाना विकण्याचा करार त्याच वर्षी जानेवारीत झाला होता. सीमेवरच्या तणावानंतर चिनी गुंतवणुकीला परवानगी मिळेना आणि २०२२ मध्ये तो करार मोडला. मधल्या काळात, २०२१ च्या एप्रिलमध्ये, १,४१९ कामगारांना ले-ऑफची नोटीस मिळाली. मावळ, खेड, शिरूरपासून मराठवाड्यापर्यंतच्या घरांतली ही मुले आयटीआय करून कंपनीत लागली होती. त्यांनी न्यायालयात दाद मागितली, उपोषणे केली. लॉर्डस्टाउनच्या तरुणांनी कामाचा वेग सोसवेना म्हणून संप केला होता; तळेगावच्या तरुणांचे काम टिकावे यासाठीच भांडण होते. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये फोर्डनेही भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. १९५० च्या दशकातली ती जोडी पुन्हा एकदा पाठोपाठ बाहेर पडली.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये ह्युंदाईने तळेगावच्या कारखान्यासाठी करार केला, आणि २०२५ मध्ये तिथून ह्युंदाईच्या गाड्या निघू लागल्या. दरम्यान २०१० साली घेतलेल्या बीटच्या नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होत आली. एमएच १६ च्या पाट्या लावलेल्या या गाड्यांचे मालक आता नगरच्या आरटीओत फिटनेस तपासणीसाठी येतात. पर्यावरण कर भरायचा, ब्रेक आणि दिवे दाखवायचे, पीयूसी जोडायचे, की पुढची पाच वर्षे गाडी रस्त्यावर राहते. काहीजण हिशेब करून ती भंगारात देतात. उरलेले नूतनीकरण करून घेतात, कारण इंजिन अजून चांगले आहे आणि मिस्त्रीकडे मागच्या खेपेला काढून ठेवलेला एक हेडलाइट शिल्लक आहे.